मोटारीवरील क्रोमियमचा मुलामा : तो का डागळतो आणि त्याची निगा कशी राखावी

मोटारगाडीच्या पुढील जाळीवर, बंपरवर, दारांच्या मुठींवर आणि दिव्यांच्या कड्यांवर जी आरशासारखी झळाळी दिसते, ती क्रोमियम या धातूची असते. गाडी नवी असताना ही झळाळी डोळे दिपवते. काही पावसाळे उलटले की तिच्यावर तपकिरी ठिपके उमटतात, कोठे पिवळसर झाक येते, कोठे पांढुरके डाग पडतात, तर कोठे पापुद्रे सुटू लागतात. गाडीचा मालक मग हाती येईल त्या पदार्थाने ती घासू लागतो. कोणी राख वापरतो, कोणी चिंच, कोणी पोलादी तारांची घासणी, तर कोणी फरशी धुण्याचे आम्ल. या खटपटीमुळे पुष्कळदा मुलामा सुधारण्याऐवजी कायमचा नष्ट होतो.

हे टाळावयाचे तर आधी एक प्रश्न विचारला पाहिजे. डाग मुलाम्याच्या वर बसला आहे, की मुलाम्याच्या खालून वर आला आहे? पहिल्या प्रकारचा डाग घरच्या घरी निघतो. दुसऱ्या प्रकारचा डाग पुसता येतो, पण त्याचे मूळ तसेच राहते. हा भेद समजण्यासाठी मुलाम्याची रचना पाहणे अवश्य आहे.

क्रोमियमची ओळख

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होकलँ याने १७९७ साली सायबेरियातून आलेल्या एका तांबड्या शिसे-खनिजाचे पृथक्करण केले आणि त्यात एक नवे मूलद्रव्य असल्याचे त्याला आढळले. या मूलद्रव्याची संयुगे पिवळी, नारिंगी, हिरवी अशी नाना रंगांची असल्यामुळे ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास क्रोमियम हे नाव मिळाले. माणकाचा लाल रंग आणि पाचूचा हिरवा रंग हे दोन्ही अल्प प्रमाणातील क्रोमियमचेच कार्य होय. भारतात क्रोमियमचे खनिज मुख्यत्वेकरून ओडिशातील जाजपूर जिल्ह्यातल्या सुकिंदा खोऱ्यात सापडते.

क्रोमियमचा दुसऱ्या धातूवर चकचकीत व टिकाऊ थर देण्याची व्यवहार्य रीत अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास सिद्ध केली. त्यापूर्वी मोटारींच्या भागांवर निकेलचा मुलामा असे. निकेल हवेत मंद पडते व त्याला वरचेवर घासावे लागते. क्रोमियमची झळाळी न घासताही टिकते. त्यामुळे थोड्याच वर्षांत मोटार-उद्योगाने त्याचा सर्रास स्वीकार केला.

क्रोमियमची झळाळी टिकते कशी? हवेतील ऑक्सिजनशी संयोग होताच या धातूच्या पृष्ठावर क्रोमियम ऑक्साइडचे एक पटल तयार होते. त्याची जाडी मिलिमीटरच्या लक्षांश भागापेक्षाही कमी असते. ते पारदर्शक, घट्ट आणि अभेद्य असल्यामुळे आतील धातूचे रक्षण करते. ओरखडा पडला तर तेथे नवे पटल ताबडतोब बनते. आपल्या स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलची भांडी गंजत नाहीत याचेही कारण हेच. त्या पोलादात मिसळलेले क्रोमियम पृष्ठावर असेच पटल निर्माण करते.

मुलाम्याचे थर

क्रोमियम इतके अविकारी असेल तर बंपरला गंज कोठून चढतो? याचे उत्तर थरांच्या जाडीत आहे.

बंपर पोलादाचा असतो. त्यावर प्रथम पुष्कळदा तांब्याचा व नंतर निकेलचा थर देतात. निकेलचा थर साधारणतः १० ते ४० मायक्रोमीटर जाडीचा असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सर्वांत वरचा क्रोमियमचा थर मात्र अवघा पाव मायक्रोमीटरच्या आसपास असतो. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रोमीटर धरली, तर हा थर केसाच्या अडीचशेव्या भागाहूनही पातळ ठरतो. आपण ज्याला ‘क्रोमचा मुलामा’ म्हणतो, तो वस्तुतः निकेलचा मुलामा असून त्यावर क्रोमियमचे एक तलम वस्त्र पांघरलेले असते. आरशासारखी गुळगुळीत झाक निकेलची, आणि निळसर शुभ्र छटा व काठिण्य क्रोमियमचे.

या रचनेचे महत्त्व इतिहासानेही दाखवून दिले आहे. कोरियातील युद्धाच्या काळात, १९५० ते १९५३ या वर्षांत, अमेरिकेत निकेल युद्धसाहित्यासाठी राखून ठेवण्यात आले. मोटारींसाठी निकेलचा तुटवडा पडला. तेव्हा पुष्कळ गाड्यांवर तांब्याच्या थरावर क्रोमियम चढवून वर पारदर्शक लाखेचा हात देण्यात आला. दुकानात या गाड्या इतर गाड्यांसारख्याच चमकत. पण त्यांचा मुलामा लवकरच खराब झाला. वरचे क्रोमियम तेच होते. खालचा आधार गेला होता.

गंजाची क्रिया

क्रोमियमचा थर अखंड नसतो. तो जमत असतानाच त्यात ताण निर्माण होतो व डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रे पडतात. या छिद्रांतून पावसाचे पाणी, समुद्रावरून येणारे खारे बाष्प, धुराड्यांतून बाहेर पडलेली आम्लधर्मी द्रव्ये निकेलपर्यंत पोहोचतात.

दोन भिन्न धातू एकमेकांस टेकलेले असून त्यांवर क्षारयुक्त पाणी पडले, तर त्यांचा एक सूक्ष्म विद्युत्-घट तयार होतो. त्यांपैकी एक धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. ऑक्साइडच्या पटलाने झाकलेले क्रोमियम आणि निकेल यांच्या जोडीत निकेल झिजते. निकेल आणि लोखंड यांच्या जोडीत लोखंड झिजते. म्हणून छिद्राखालील निकेलला प्रथम खळगा पडतो. तो खोल जात जात पोलादापर्यंत पोहोचला की लोखंड गंजू लागते. उघडे पडलेले लोखंड टाचणीच्या अग्राएवढे आणि सभोवारचा मुलामा वीतभर, अशी स्थिती असल्यामुळे सर्व विद्युत्क्रियेचा भार त्या एका बिंदूवर येतो आणि तेथील क्षरण झपाट्याने होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असते. तो फुगतो, मुलाम्यास खालून रेटतो आणि छिद्रातून तपकिरी ठिपक्याच्या रूपाने बाहेर येतो. पुढे मुलाम्याला फोड येतात व पापुद्रे सुटतात.

आपल्याकडील पितळी भांड्यांची कल्हई आठवा. कल्हई उडाली की भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. तो दोष कल्हईचा नसून उघड्या पडलेल्या पितळेचा असतो. बंपरवरील गंजही क्रोमियमचा नव्हे, तर उघड्या पडलेल्या लोखंडाचा होय.

शास्त्रज्ञांनी यावर एक मार्मिक उपाय शोधला. क्रोमियमला छिद्रे पडणारच असतील, तर ती मोजकी व मोठी असण्यापेक्षा असंख्य व अतिसूक्ष्म असावीत, म्हणजे क्षरण एका बिंदूवर न एकवटता सर्वत्र विभागले जाईल. तसेच निकेलचे दोन निरनिराळ्या गुणधर्मांचे थर दिल्यास वरचा थर आडवा झिजतो आणि खळगा खालच्या थरात उतरण्यास पुष्कळ विलंब लागतो. या पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रचारात आल्या आणि मुलाम्याचे आयुष्य वाढले.

एक सोपा प्रयोग

वरील क्रिया शाळेत प्रत्यक्ष पाहता येते. तीन लोखंडी खिळे काचकागदाने घासून स्वच्छ करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याभोवती तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. तिसऱ्याभोवती जस्ताची पट्टी गुंडाळा. तीन काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकात चहाचा एक चमचा मीठ विरघळवा आणि एकेका पेल्यात एकेक खिळा ठेवा. दोन-तीन दिवस निरीक्षण करा. तांब्याच्या संगतीतील खिळा सर्वांत अधिक गंजलेला दिसेल. जस्ताच्या संगतीतील खिळा बहुतांशी स्वच्छ राहील. त्याच्याऐवजी जस्त झिजेल. निकेलच्या संगतीत बंपरच्या पोलादाची स्थिती तांब्याजवळील खिळ्यासारखी असते, हे यावरून ध्यानात येईल.

डागाची परीक्षा

उपचारापूर्वी निदान करावे. त्यासाठी ओले फडके, भिंग आणि एक लहान लोहचुंबक एवढी सामग्री पुरे.

प्रथम तो भाग खरोखरच क्रोमियमचा आहे का, हे पाहावे. खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या कित्येकदा ॲल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या असतात, तर अलीकडच्या गाड्यांची जाळी व नावाची अक्षरे बहुधा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकची असतात. लोहचुंबक घट्ट चिकटला तर आत पोलाद आहे असे समजावे. ॲल्युमिनियमला आम्ल व अल्क दोन्ही बाधतात, म्हणून त्यावर साबणाच्या पाण्यापलीकडे काहीही लावू नये.

पांढुरके वर्तुळाकार डाग बहुधा जड पाण्यातील चुन्याच्या क्षारांचे असतात. पाणी सुकते व क्षार मागे राहतात. हे डाग केवळ वरचे होत.

काळसर, चिकट थर तेलाचा, डांबराचा व धुराचा असतो. तोही वरचाच.

तपकिरी ठिपके दिसल्यास भिंगातून पाहावे. ठिपक्याच्या मध्यभागी छिद्र दिसले तर गंज खालून आलेला आहे. ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कणही मुलाम्यावर बसून गंजतात. त्यांच्याखाली मात्र छिद्र नसते.

पिवळसर व मंद झाक मोठ्या भागावर पसरलेली असल्यास तेथील क्रोमियम झिजून निकेल उघडे पडले आहे असे समजावे. घासल्याने ते थोडे दिवस चमकेल व पुन्हा मंद होईल.

दारांच्या मुठींवर फोड व त्यांत पांढरी भुकटी दिसल्यास ती मूठ जस्ताच्या मिश्रधातूची आहे आणि आतील जस्त क्षरण पावले आहे. यावर घासण्याचा काही उपयोग नाही.

मोटारसायकलीच्या धुराड्याच्या नळीवर सोनेरी व निळ्या छटा दिसतात, त्यांचे कारण वेगळे आहे. उष्णतेने तेथील ऑक्साइडचे पटल जाड होते आणि पाण्यावर पसरलेल्या तेलाप्रमाणे प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणाने रंग दिसतात.

उपचाराची रीत

१. गाडी सावलीत उभी करून धातू थंड होऊ द्यावा. भरपूर पाण्याची धार सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी. कोरडी धूळ फडक्याने पुसल्यास शेजारच्या रंगावर ओरखडे पडतात.

२. सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुवावे. सांध्यांतील मळ दात घासण्याच्या जुन्या मऊ ब्रशाने काढावा. डांबराचे डाग फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन पुसावेत व ती जागा पुन्हा साबणाने धुवावी. हे करताना जवळ विस्तव नसावा.

३. क्षारांच्या पांढऱ्या डागांवर निम्मे पाणी घातलेल्या शिरक्यात भिजवलेले फडके काही मिनिटे ठेवावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. शिरका तसाच वाळू देऊ नये.

४. गंजाच्या ठिपक्यांवर शिलाई-यंत्राचे पातळ तेल लावून ते काही तास मुरू द्यावे. नंतर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा, म्हणजे खाद्यपदार्थ गुंडाळण्याच्या चंदेरी वर्खाचा, बोळा करून पाण्यात बुडवावा आणि हलक्या हाताने घासावा. ॲल्युमिनियम हा क्रोमियमपेक्षा पुष्कळ मृदू धातू आहे. त्यामुळे मुलाम्यावर ओरखडे न पडता भुसभुशीत गंज निघून येतो. घासताना होणारी करडी-काळी लुकटी पुसून टाकावी.

५. शेवटी क्रोमसाठी मिळणारी अतिसूक्ष्म कणांची झिलई-पेस्ट अगदी थोडी घेऊन मऊ कापडाने फिरवावी, पाण्याने धुवावे व भाग पूर्ण कोरडा करावा.

६. कोरड्या पृष्ठावर मोटारीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. ही पायरी पुष्कळजण गाळतात. वास्तविक हीच सर्वांत महत्त्वाची. गंज काढल्यावर छिद्र तसेच उघडे राहते. मेण ते बुजवते व पाण्याला आत शिरू देत नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर आणि समुद्रकाठच्या गावी याहून वरचेवर हे करावे. बंपरच्या आतील बाजूस चिखल साचून राहतो, म्हणून तीही धुऊन तिला गंजरोधक रंग द्यावा.

काय करू नये तेही सांगितले पाहिजे. फरशी व शौचकूप धुण्याच्या द्रवात पुष्कळदा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. हे आम्ल क्रोमियमला विरघळवते. जुना मुलामा उतरवण्यासाठी कारखान्यात तेच वापरतात. पोलादी घासणीचे बारीक तुकडे भेगांत अडकून स्वतःच गंजतात. काचकागद, विटेची भुकटी व वाळू यांनी पाव मायक्रोमीटरचा थर पाहता पाहता निघून जातो.

पुन्हा मुलामा देणे आणि त्याची किंमत

छिद्रे फार झाली, पापुद्रे सुटले किंवा निकेल उघडे पडले, तर पुन्हा मुलामा देण्यावाचून गत्यंतर नसते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील ॲम्बॅसडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने २०२३ साली निरोप घेतला. अशा गाड्या जे हौसेने जतन करतात, त्यांना नवा बंपर सहज मिळत नाही व जुन्यावरच मुलामा चढवून घ्यावा लागतो.

या कामी जुना मुलामा उतरवून पोलाद घासून आरशासारखे करतात. मग तो भाग क्रमाने तांबे व निकेल यांच्या विद्रावांत आणि शेवटी क्रोमिक आम्लाच्या विद्रावात ऋणाग्र म्हणून टांगतात. क्रोमिक आम्लाच्या रूढ कुंडात एका लिटरास सुमारे २५० ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड व त्याच्या शतांश गंधकाम्ल असते. धनाग्र शिशाचे असते. विद्युत्प्रवाह सोडला की थोड्याच मिनिटांत क्रोमियमचा थर बसतो. परंतु प्रवाहाचा फारच थोडा भाग धातू जमवण्यात खर्च होतो. उरलेल्याने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बुडबुडे उसळतात. ते पृष्ठभागी फुटताना क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडतात.

या तुषारांत क्रोमियम षट्संयुजी अवस्थेत असते. झळाळणारा धातू निरुपद्रवी आहे. त्याचे हे रूप मात्र घातक आहे. त्यामुळे कामगारांच्या हातांवर खोल व्रण होतात आणि नाकातील दोन पुड्यांमधील पडद्याला भोक पडते. षट्संयुजी क्रोमियममुळे मनुष्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा स्पष्ट निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. सांडपाण्यातून ते जमिनीत मुरल्यास विहिरी दूषित होतात. तामिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियमची संयुगे बनवणारा एक कारखाना १९९० नंतरच्या दशकात बंद पडला; पण त्याने मागे ठेवलेल्या कचऱ्याच्या ढिगांमुळे भोवतालचे भूजल पुढेही दीर्घकाळ दूषित होत राहिले. पिण्याच्या पाण्यात एका लिटरास ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम असू नये, असे भारतीय मानक आहे.

यावर उपाय आहेत. कुंडाच्या कडेला हवा ओढून घेणारे पंखे बसवता येतात. तुषार दाबून ठेवणारी द्रव्ये विद्रावात घालता येतात. सांडपाण्यात सोडियम बायसल्फाइट यासारखे द्रव्य मिसळून षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करता येते. तेव्हा पिवळे-नारिंगी पाणी हिरवे होते आणि चुना घातल्यावर क्रोमियम साक्याच्या रूपाने तळाशी बसते. मुळातच त्रिसंयुजी क्रोमियमचा विद्राव वापरून शोभेचा मुलामा देण्याची रीतही आता प्रचलित आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर खास परवानगीवाचून करता येत नाही. आपला बंपर मुलाम्यासाठी देणाऱ्याने तेथे पंखे आहेत का, कामगारांच्या हातांत रबरी मोजे आहेत का, आणि सांडपाणी कोठे जाते, एवढे तरी विचारावे. शाळेत किंवा घरी क्रोमियमचे विलेपन करून पाहण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. विलेपनाचे तत्त्व शिकण्यास शिक्षकांच्या देखरेखीखाली मोरचुदाच्या विद्रावातून पितळी किल्लीवर तांबे चढवण्याचा प्रयोग पुरेसा आहे.

उपसंहार

मोटारीवरील झळाळी हे केसाहूनही कित्येक पटींनी पातळ अशा एका थराचे कार्य आहे. तो थर स्वतः गंजत नाही. पण त्याच्या छिद्रांतून खालचा धातू गंजतो. म्हणून डाग वरचा असेल तर धुवावा, खालचा असेल तर हलकेच काढून छिद्र मेणाने बुजवावे, आणि जोराने घासण्याचा मोह आवरावा. वेळीच केलेल्या या साध्या निगेमुळे बंपर अधिक काळ टिकतो. जितके दिवस तो टिकेल, तितके दिवस तो क्रोमिक आम्लाच्या कुंडात पुन्हा बुडवावा लागत नाही आणि त्या कुंडाशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या श्वासात तेवढे विष कमी जाते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. क्रोमियम गंजत नसताना क्रोमियमचा मुलामा दिलेला बंपर का गंजतो?

२. कोरियातील युद्धाच्या काळातील मुलामा लवकर का खराब झाला?

३. प्रयोगातील जस्त गुंडाळलेला खिळा का सुरक्षित राहिला? लोखंडी पत्र्यांवर जस्ताचा थर देण्याशी याचा संबंध जोडा.

४. आपल्या गावात मुलामा देण्याचा कारखाना असल्यास शिक्षकांसमवेत तेथे जाऊन कामगारांच्या संरक्षणाची व सांडपाण्याची कोणती व्यवस्था आहे, याची माहिती मिळवा.